काउंटर-स्ट्राइक १.६ : सॉफ्टवेअर, ओपनजीएल की डायरेक्ट थ्रीडी? जुन्या पीसीवर नेमकं काय ठेवायचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की काकाच्या ऑफिसातला जुना पीसी वेंगुर्ल्याला घरी आलाय, पेंटियम ड्युअल कोअर, २ जीबी रॅमची एकच स्टिक, जी३१ चा बोर्ड, ऑनबोर्ड ग्राफिक्स, १७ इंची चौकोनी एलसीडी, विंडोज ७. गणपतीला मुंबईची भावंडं लॅपटॉप घेऊन येणार आणि रात्री माजघरात लॅन लागणार, म्हणजे सगळी मशीन जोडून एकत्र काउंटर-स्ट्राइक, तोच गोळीबाराचा गेम. गेमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये तीन रेंडरर, म्हणजे चित्र रंगवायच्या तीन पद्धती, दिसतात, सॉफ्टवेअरवर सगळं ठोकळ्याठोकळ्यांचं पण चालतं बरं, ओपनजीएलवर छान दिसतं पण स्मोक (धुराचा बॉम्ब) पडला की मशीन बसतं, डायरेक्ट थ्रीडीवर काहीतरी विचित्रच. आणि मुंबईचा दादा फोनवर म्हणतोय की ३२ बिट लाव, फुल रिझोल्युशन लाव, सॉफ्टवेअरवर कोण खेळतं आता.

आधी उत्तर देतो मग पाल्हाळ लावतो, कारण मला माहितेय तू अर्ध्यावर वाचणं सोडशील. ओपनजीएल, ८०० बाय ६००, १६ बिट रंग, व्हीसिंक (गेमचं चित्र मॉनिटरच्या ठोक्याशी बांधणं) बंद. एवढं करूनही स्मोकमध्ये बसत असेल तर सरळ सॉफ्टवेअर ६४० बाय ४८०, लाजायचं काही कारण नाही. डायरेक्ट थ्रीडीला हात लावू नको, त्याचं कारण पुढे सांगतो. आणि हे सगळं करायच्या आधी कॅबिनेट उघड, तेही पुढे येतंच.

आता पाल्हाळ. मी मालवणात सात वर्षं कॅफे चालवला, आठ मशीन, ताशी वीस रुपये, आणि संध्याकाळी पाच ते आठ फक्त हाच एक गेम. आठही मशीन वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या ठिकाणून घेतलेली, त्यामुळे एकाच खोलीत एकाच मॅपवर (गेममधल्या मैदानावर) तीनही रेंडरर शेजारी शेजारी बघायला मिळाले, असं घरी बसून नाही कळत.

हे तीन प्रकार आले कुठून ते बघ. गेमचं इंजिन हाफ-लाइफचं, गोल्डसोर्स, १९९८ चं, आणि ते व्हॉल्व्हने आयडी सॉफ्टवेअरकडून घेतलेल्या क्वेकच्या इंजिनावर उभं केलेलं. क्वेक १९९६ चा. त्या काळात घरोघरी ग्राफिक्स कार्ड कुठे होतं, त्यामुळे चित्राचा प्रत्येक ठिपका प्रोसेसरच रंगवायचा, तोच हा सॉफ्टवेअर रेंडरर. १९९७ ला क्वेकची ओपनजीएलवाली आवृत्ती आली आणि रंगवायचं काम कार्डाकडे गेलं. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं डायरेक्ट थ्रीडी होतंच, कुठल्या कार्डाचा ओपनजीएल ड्रायव्हर चांगला तर कुठल्याचा डायरेक्ट थ्रीडी, म्हणून दोन्ही ठेवले. म्हणजे हे तीन पर्याय चांगला-मध्यम-वाईट अशा पायऱ्या नाहीत, तीन वेगवेगळ्या तऱ्हेच्या मशीनसाठी ठेवलेले तीन दरवाजे आहेत. तुझ्याकडची आवृत्ती जुनी म्हणून तुला तिन्ही दिसतायत, २०१३ च्या अपडेटनंतर डायरेक्ट थ्रीडी काढूनच टाकलं, दादाच्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती असेल तर तो पर्याय नसणारच, त्याला विचारून बघ.

दिसण्यातला फरक कसला तो सांगतो. आपल्याकडे चिऱ्याची भिंत असते ना, न गिलावलेली, प्रत्येक चिऱ्याची भोकं, खरबरीतपणा सगळं दिसतं, ती सॉफ्टवेअर. त्याच भिंतीला गिलावा करून चुना मारला की ओपनजीएल. जवळ गेलास की सॉफ्टवेअरमध्ये टेक्श्चरचा (भिंतीवर चिकटवलेल्या चित्राचा) एकेक ठिपका चौकोन होऊन समोर येतो, ओपनजीएल शेजारच्या ठिपक्यांचे रंग एकमेकांत मिसळून गुळगुळीत करतं. लोकांना गुळगुळीत म्हणजे चांगलं वाटतं, पण डस्ट टू या मॅपच्या भिंती ओपनजीएलवर जवळून बघ, लोणी फासल्यासारख्या दिसतात, कारण मूळ टेक्श्चर आहेच केवढंसं, आणि प्रत्येक टेक्श्चरला २५६ रंगांचीच पेटी. त्यातून जुन्या कार्डांना टेक्श्चरची लांबी-रुंदी ६४, १२८, २५६ अशीच लागायची, मध्येच ९६ असलं तर इंजिन ते ताणून किंवा आवळून बसवायचं, म्हणून पेट्यांवरची आणि पाट्यांवरची अक्षरं कधीकधी सॉफ्टवेअरवर स्वच्छ वाचता येतात आणि ओपनजीएलवर पुसट. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, गिऱ्हाईक नसताना दुपारी दोन मशीन शेजारी लावून बघितलं होतं.

उलट लांबचं बघायचं झालं तर ओपनजीएल जिंकतं. सॉफ्टवेअरवर लांबच्या जाळ्या, पायऱ्या, विटांच्या रेघा तू चालताना चुरचुरतात, म्हणजे ठिपके नाचत राहतात आणि त्या नाचात माणूस हलला की काय असं उगाच वाटतं. आकाश तर विचारूच नको, सॉफ्टवेअरसाठी आकाशाचं चित्रसुद्धा २५६ रंगांचं वेगळं ठेवलेलं असतं, त्यामुळे ढगांत पट्टे दिसतात. पण आकाशाकडे बघून कोण कोणाला मारतो.

सावलीचं म्हणशील तर तिन्हींत सावली तीच, कारण मॅप बनवतानाच उजेड-सावली हिशोब करून भिंतीवर छापून टाकलेली असते, खेळताना नवीन सावली बनत नाही. फक्त सॉफ्टवेअरवर उजेड आणि अंधार यातला फरक जास्त ठसठशीत येतो आणि ओपनजीएलवर जरा दुधाळ, निदान माझ्या मशीनांवर तरी तसंच होतं. डस्ट टू मध्ये बी साइटकडे (बॉम्ब लावायच्या दोन जागांपैकी एक) जाणारा जो बोगदा आहे तिथे हा फरक कळतो.

आणि यावरूनच चार नंबरची गोष्ट. चार नंबरचं मशीन सगळ्यात मरतुकडं, त्याच्यावर मी नाईलाजाने सॉफ्टवेअर ६४० बाय ४८० लावून ठेवलेलं, १५ इंची डबा (सीआरटी) मॉनिटर. एक बारावीतला पोरगा यायचा, त्याला चार नंबरच हवा. दुसरं मशीन मोकळं असलं तरी बाहेर बाकड्यावर बसून राहील पण चारच. मला वाटायचं पोराला ते मशीन लकी वाटतं. एकदा त्याला मुद्दाम चांगल्या मशीनवर बसवला, सगळं गुळगुळीत, ३२ बिट, आणि पाच मिनिटांत वैतागून ओरडला, ‘‘धुरात गेलंय काय ह्यो पीसी झोपता मरे, माझो चार नंबर झोपना नाय!’’ तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो चित्र बघतच नव्हता, तो माऊस हलवल्यावर क्रॉसहेअर (नेमाची खूण) तिथल्या तिथे येतो की नाही हे बघत होता. माझ्या त्या चांगल्या मशीनवर उघड्यावर सेकंदाला शंभर फ्रेम (चित्रं) आणि धुरात वीस, चार नंबरवर उघड्यावर साठ-पासष्ट आणि धुरातही पन्नासच्या आसपास. सरासरी काढलीस तर चांगलं मशीन पुढे, पण मारामारी होते कुठे, धुरातच ना.

म्हणून तुला सांगतो, उघड्या मैदानात उभं राहून आकडा बघू नको, त्याला काही अर्थ नाही. कन्सोल उघड, एस्केपच्या खालची नागमोडी खुणेची की, आणि नेट_ग्राफ ३ टाक (कमांड मी आपल्या लिपीत लिहितोय, तू इंग्रजीत टाइप कर, मधली रेघ म्हणजे अंडरस्कोर). उजवीकडे खाली फ्रेमचा आकडा दिसायला लागेल. डस्ट टू लाव, एकट्याने, ३०० डॉलरचा स्मोक घे, मिडच्या (मॅपच्या मधल्या वाटेच्या) दरवाजाजवळ पायाशी टाक आणि त्याच्या आत उभा राहून गोल फिर. जो सगळ्यात खालचा आकडा दिसेल तो तुझ्या मशीनचा खरा आकडा. तीनही रेंडररवर, सगळ्या रिझोल्युशनवर, त्याच जागी, तसंच फिरून बघ. वहीत लिहून ठेव, डोक्यात राहत नाही.

धुरातच का बसतं हे कळलं की निम्मं काम झालं. भिंत रंगवायची तर ठिपका साधारण एकदा रंगवला की झालं. धूर म्हणजे अर्धपारदर्शक पडदे एकावर एक, समज आठ-दहा पडदे तुझ्या डोळ्यासमोर, म्हणजे स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका आठ-दहा वेळा वाचायचा, मिसळायचा, परत लिहायचा. आता ठिपके किती ते मोज. ६४० बाय ४८० म्हणजे ३,०७,२००. ८०० बाय ६०० म्हणजे ४,८०,०००. तुझ्या मॉनिटरचं पूर्ण रिझोल्युशन १२८० बाय १०२४ म्हणजे १३,१०,७२०, म्हणजे ६४० च्या सव्वाचार पट आणि ८०० च्या पावणेतीन पट. तू तेच लावून बसलायस आणि म्हणतोस ओपनजीएल वाईट. ओपनजीएल वाईट नाही रे, तू त्याच्याकडून तेरा लाख ठिपके दहादा रंगवून घेतोयस.

आणि ऑनबोर्ड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुझ्या रॅममधूनच खातं. एकच दोरी, त्यावर प्रोसेसरपण पाणी ओढतो आणि ग्राफिक्सपण. तुझी ती डीडीआर टू ६६७ ची एकच स्टिक, तिची वाट सेकंदाला साधारण ५.३ जीबीची. त्याऐवजी १-१ जीबीच्या दोन स्टिक दोन चॅनलला लावल्यास तर तीच वाट कागदावर दुप्पट होते. गेममध्ये दुप्पट फ्रेम येणार नाहीत, पण धुरातला फरक डोळ्यांना दिसेल एवढा नक्की. जुन्या बाजारात डीडीआर टू ला आता कोणी विचारत नाही, कुडाळला कुठल्याही रिपेअरवाल्याच्या खोक्यात पडलेली असेल, चहाच्या पैशात देईल. दादा जे ग्राफिक्स कार्ड घे म्हणतोय त्याच्या आधी हे कर.

१६ बिट का म्हणतो तेही याच हिशोबात. १६ बिटमध्ये ६५,५३६ रंग, ३२ बिटमध्ये १.६७ कोटी, ऐकायला केवढा फरक, पण टेक्श्चरच मुळात २५६ रंगांचं आहे, तेव्हा भिंतीत फारसा फरक दिसत नाही. फरक दिसतो तो आकाशात, उजेडाच्या कडांना आणि धुरात, तिथे १६ बिटवर बारीक जाळी किंवा पट्टे येतात. त्या बदल्यात प्रत्येक ठिपक्याला ४ ऐवजी २ बाइट, म्हणजे त्या दोरीवरचा भार निम्मा. एक तोटा आहे, काही मशीनवर १६ बिट केलं की लांबच्या भिंतींच्या कडा आणि गोळ्यांच्या खुणा लुकलुकायला लागतात, कारण कुठलं पुढे कुठलं मागे याची मोजपट्टीही आखूड होते. तसं झालं तर जीएल_पॉलीऑफसेट ची किंमत थोडी थोडी वाढवत बघ, ०.१ वरून सुरू कर, आणि नाहीच थांबलं तर ३२ वर परत ये आणि रिझोल्युशन कमी कर.

व्हीसिंक. एलसीडी सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला एक. व्हीसिंक चालू असला की कार्ड त्या ठोक्याची वाट बघत बसतं, आणि मशीनला एक फ्रेम १६.७ च्या ऐवजी १८ मिलिसेकंदात जमली की ठोका हुकला, पुढच्या ठोक्याला जायचं, म्हणजे ६० वरून धाडकन ३०. तुझं ‘मशीन बसतं’ त्यातलं बरंचसं हे असू शकतं. गेममध्ये बंद करून भागत नाही, इंटेलच्या ग्राफिक्स पॅनलमध्ये थ्रीडी सेटिंगमध्ये असिंक्रोनस फ्लिप नावाचं काहीतरी दिसेल, ते चालू कर. नाव असं आहे की कुणाला वाटणारच नाही याचा त्याच्याशी संबंध आहे. चित्र मधूनच आडवं फाटल्यासारखं दिसेल, दोन दिवसांत सवय होते. मग एफपीएस_मॅक्स १०० कर, जुन्या आवृत्त्यांत ते ७२ ला बांधलेलं असतं आणि पोरं उगाच कार्डाला शिव्या घालत बसतात.

डायरेक्ट थ्रीडीचं सांगतो म्हटलं होतं. माझ्याकडच्या दोन मशीनवर एका स्वस्त बोर्डाचा ओपनजीएल ड्रायव्हर इतका रडका होता की मॅप लोड होतानाच पडायचं, तिथे डायरेक्ट थ्रीडीने मला तारलं, म्हणून मी त्याला सरसकट नावं ठेवणार नाही. पण मग मला वाटलं, सगळीकडे एकच ठेवू म्हणजे सांभाळायला सोपं, आणि एका रात्रीत आठही मशीन डायरेक्ट थ्रीडीवर नेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नुसता गोंधळ. मॅप लोड व्हायला जास्त वेळ, ऑल्ट-टॅब केलं की काळा पडदा, एकाच्या बंदुकीवर चट्टेपट्टे, अझ्टेक मॅपच्या पुलाखालचं पाणी भलत्याच रंगाचं, आणि फ्रेम सगळीकडे थोड्या थोड्या कमीच. त्या रात्री परत सगळं उलटं केलं. ज्या मशीनवर ओपनजीएल नीट चालतं तिथे डायरेक्ट थ्रीडीने काही मिळत नाही, एवढं मी तेव्हा शिकलो. जी३१ च्या ऑनबोर्डवर ओपनजीएल चालतं, तुझ्याकडे चालतंच आहे, मग कशाला.

आता ड्रायव्हर, आणि हे माझ्याकडून झालेलं पाप आहे म्हणून सविस्तर. एका जूनमध्ये व्हायरसने सगळी मशीन खाल्ली, मी विंडोज नवीन टाकलं, गेम टाकला, आणि ओपनजीएल निवडलं की खिडकी यायची, हा व्हिडिओ मोड चालत नाही, गेम आता सॉफ्टवेअरमध्ये चालेल, अशा अर्थाची. दोन दिवस मी गेमच्या सीडीला दोष देत होतो. सीडी बदलली, परत टाकला, तेच. मग कळलं की बोर्डाचा ग्राफिक्स ड्रायव्हरच टाकलेला नाही, विंडोज स्वतःच्या तुटपुंज्या ड्रायव्हरवर चित्र दाखवतंय, त्यात खरं ओपनजीएल नसतंच. ड्रायव्हरची सीडी कपाटातून काढली तर तिच्यावर बुरशीची नक्षी, पावसाळ्यात आपल्याकडे चामड्याच्या चपलेवर येते ना तशी, एका कडेने आतपर्यंत गेलेली. पुसली, धुतली, टूथपेस्ट लावली, वाचेना ती वाचेना. शेवटी कुडाळच्या एकाकडे तोच बोर्ड होता, त्याच्याकडून १२८ एमबीच्या पेनड्राइव्हमध्ये ड्रायव्हर भरून दुपारच्या एसटीने आणला, भर पावसात, पेनड्राइव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी खिशात. तेव्हा तू आधी डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अ‍ॅडॉप्टरखाली इंटेलचं नाव आहे का बघ. नुसतं ‘स्टँडर्ड व्हीजीए’ असलं काही लिहिलं असेल तर बाकी सगळी सेटिंग व्यर्थ. ड्रायव्हर मिळाला की दोन ठिकाणी ठेव, सीडीवर विसंबू नको. आणि कोणी म्हणालं विंडोज १० टाकू तर नको म्हण, एवढ्या जुन्या ऑनबोर्डसाठी विंडोज ७ च्या पुढचा ड्रायव्हर कंपनीने काढलेलाच नाही.

कॅबिनेट उघड म्हणालो ते कशासाठी, तर सॉफ्टवेअर रेंडरर पूर्ण प्रोसेसरवर जगतो, आणि प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. खारी दमट हवा आणि धूळ एकत्र आली की पंख्याखालच्या पात्यांत वाकळीसारखा थर बसतो, फुंकून निघत नाही, जुन्या टूथब्रशने खरवडावा लागतो. लक्षण ओळखायला सोपं, पहिली दहा मिनिटं मस्त चालतं आणि मग हळूहळू मरतं. असं होत असेल तर रेंडरर बदलून काही होणार नाही. थर्मल पेस्ट नवीन लाव, रॅम काढून तिचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबराने घासून परत बसव. स्विच बंद करून हं, आणि पावसाळी हवेत ओल्या हाताने नको.

मॉनिटरचा एक घोळ आहे. डबा मॉनिटरवर ६४० असो की १०२४, चित्र तसंच रेखीव यायचं. एलसीडीला त्याचं एकच रिझोल्युशन मानवतं, बाकी सगळं तो ताणून दाखवतो आणि ताणलं की पुसट. शिवाय तुझा मॉनिटर ५:४ चा आणि ६४०, ८०० हे ४:३ चे, म्हणजे माणसं जराशी उंच दिसतील. चालतं. पण पुसटपणामुळेच मी तुला आधी ८०० म्हणालो आणि ६४० शेवटचा उपाय म्हणून ठेवला, चार नंबरच्या पोराकडे डबा होता म्हणून त्याला ६४० वर लांबचं डोकंही दिसायचं, तुला डस्ट टू च्या मिडच्या दरवाजाच्या फटीतून पलीकडे जाणारा माणूस चार-पाच पुसट ठिपक्यांचा दिसेल. कुणाच्या माळ्यावर जुना डबा पडला असेल आणि चालू असेल तर आण, खरंच सांगतो, या गेमला त्याच्यासारखा मॉनिटर नाही, फक्त विंडोजमध्ये रिफ्रेश रेट ६० वर राहिलाय का बघ, ६० वर डोळे चुरचुरतात, ८५ ठेव.

दादाच्या रुंद लॅपटॉपचा हेवा करू नको. या इंजिनात आडवी नजर ९० अंशाला बांधलेली आहे. रुंद स्क्रीनवर बाजूला जास्त दिसत नाही, वरचं आणि खालचं कापलं जातं. म्हणजे दादा १३६६ बाय ७६८ वर खेळताना तुझ्यापेक्षा कमीच बघतोय आणि त्याला ते माहीतही नाही. नवीन आवृत्तीत यावर काही सोय केली असेल तर गोष्ट वेगळी, पण सांगायची घाई नको, आधी दोन राउंड जिंक.

बारीकसारीक कमांड पटापट सांगतो. सीएल_वेदर ०, म्हणजे अझ्टेकमधला पाऊस बंद, पाऊस आपल्याकडे बाहेर पुष्कळ आहे. सीएल_मिनमॉडेल्स १, म्हणजे प्रत्येक बाजूला एकच प्रकारचा माणूस, मेमरी वाचते आणि ओळखायलाही सोपं. एमपी_डेकल्स ५०, भिंतीवरच्या खुणा कमी. मॅक्स_शेल्स आणि मॅक्स_स्मोकपफ्स दोन्ही ०. आर_डिटेलटेक्श्चर्स ०. फास्टस्प्राइट्स २ केलंस तर धूर एकदम हलका पडतो आणि फ्रेम उड्या मारतात, पण धुरातून पलीकडचं दिसायलाही लागतं, तेव्हा हे सगळ्यांनी मिळून ठरवूनच कर, नाहीतर मोदक खाताना भांडणं. जीएल_टेक्श्चरमोड मध्ये जीएल_निअरेस्ट टाकलंस तर ओपनजीएलवरही चिऱ्याची उघडी भिंत मिळते, ठोकळे सॉफ्टवेअरचे आणि वेग कार्डाचा. मला ते आवडतं, पण लांबचं फार चुरचुरतं. एकदा बघ, नाही आवडलं तर जीएल_लिनिअर_मिपमॅप_निअरेस्ट टाकून परत ये. बोगद्यात अंधार वाटला तर गामा आणि ब्राइटनेस दोन्ही ३ पर्यंत नेऊन बघ, मॉनिटरची बटणं पिळत बसू नको, त्याने काळं राखाडी होतं आणि माणूस भिंतीत मिसळतो.

सर्व्हर तुझ्या मशीनवर अजिबात लावायचा नाही. यजमान म्हणून घर तुझं, सर्व्हर दादाच्या लॅपटॉपवर. जे मशीन गेम होस्ट करतं त्याच्या प्रोसेसरवर सगळ्यांचा हिशोब येतो, त्यात बॉट (कॉम्प्युटर खेळवतो ते खेळाडू) टाकले तर विचारू नको, आणि तू सॉफ्टवेअरवर असशील तर त्याच प्रोसेसरला चित्रही रंगवायचंय. तारेचा स्विच वापरा, वायफाय नको. आणि गणपतीत घराघरात दिव्यांच्या माळा लागल्या की संध्याकाळी व्होल्टेज किती पडतं ते तुला माहीतच आहे, तेव्हा पीसी यूपीएसवर, लॅपटॉपवाल्यांना बॅटरी आहे त्यांची काळजी करू नको.

शेवटचं. हे सगळं बसलं, वहीतला आकडा मनासारखा आला, की त्या कमांड नोटपॅडमध्ये एकेका ओळीत लिहून युजरकॉन्फिग.सीएफजी नावाने सीस्ट्राइक फोल्डरमध्ये ठेव, शेवटी टीएक्सटी चिकटलं नाही ना बघ. कॉन्फिग.सीएफजी मध्ये लिहू नको, ती फाइल गेम बंद होताना स्वतः परत लिहिली जाते. म्हणजे तू जेवायला उठलास आणि मधल्या वेळात कोणी तुझ्या मशीनवर बसून धूर, खुणा, पाऊस सगळं परत चालू करून ठेवलं तरी गेम बंद करून उघडलास की तुझं तुला परत. रिझोल्युशन मात्र त्यात राहत नाही, त्यासाठी शॉर्टकटच्या प्रॉपर्टीमध्ये टार्गेटच्या शेवटी जागा सोडून -जीएल -डब्ल्यू ८०० -एच ६०० -१६बीपीपी लाव, आणि त्याच शॉर्टकटची दुसरी कॉपी करून तिच्यात -सॉफ्ट -डब्ल्यू ६४० -एच ४८०. डेस्कटॉपवर दोन्ही शेजारी ठेव. धुरातले दोन्ही आकडे आले की मला कळव.